पासपोर्टचं प्रस्थान

आमच्या घरी उतरलेल्या परदेशी पाहुणीचा पासपोर्ट तिच्याआधी एकटाच देवदर्शनाला निघून गेला, आणि हळद-तांदूळ घालून त्याला वाटेला लावणारी मीच.

आधी माझी ओळख. माहेर मिरज, सासर तंजावूर. शाळेत अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. (म्हणजे दिवसभर पोरांना 'काळ' समजावून सांगायचा आणि घरी येऊन कॅलेंडरात राहुकाळ बघायचा!) लग्न होऊन आले तेव्हा या प्रकाराला मी खूप हसत असे. सासूबाई गरीब स्वभावाच्या, त्यांनी कधी आग्रह धरला नाही. पण एकदा हट्टानं राहुकाळात सिनेमाला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशीच स्कूटरवरून पडून पाय मुरगळला. सासूबाई नुसत्या लेप लावत बसल्या. त्या लेपानं माझं विज्ञान पार उतरवलं. आता परिस्थिती अशी, की पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या घराण्यातले आमचे हे राहुकाळात खुशाल केस कापून येतात, आणि मी मिरजेची बाई त्या दीड तासात कोथिंबीर आणायलासुद्धा उंबरा ओलांडत नाही.

पाहुणीचं नाव फ्रेया. डेन्मार्कची, वय वर्षं बावीस, उंची आमच्या दाराएवढी. वीस विद्यार्थ्यांचा गट सेवाशिबिरासाठी आला होता. पापनाशमपलीकडच्या एका खेड्यात तीन आठवडे राहून त्यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलं. शेवटचे दोन दिवस शहरातल्या घरांतून एकेक पाहुणा, आणि शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून तंजावुरचं प्रसिद्ध मोठं देऊळ बघायचं, तिथूनच बसनं तिरुचीच्या विमानतळावर जायचं, असा बेत. फ्रेयाची सोमवारी शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. विमान चुकलं तर परीक्षा गेली आणि परीक्षा गेली तर वर्ष गेलं, हे तिनं मला आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. (हे मला माहीत होतं, हे लक्षात असू द्या. म्हणजे पुढं मला शिव्या देताना हात आखडता घ्यायला नको.)

देवळापाशी दहाला जमायचं. म्हणजे घरातून साडेनऊला निघायचं. आणि शनिवारी राहुकाळ नऊ ते साडेदहा!

"अहो, पोरगी सात समुद्र ओलांडून जाणार आणि राहुकाळात निघणार?" मी ह्यांना म्हटलं.

"मग काय, विमानास सांगतेस थोडें थांब म्हणून?" हे पेपरमधून मान वर न काढता म्हणाले. (ह्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं आणि सूर तमिळ. ऐकणाऱ्याला वाटतं, बखर गाऊन दाखवतायत.)

पण यावर तोड होती. प्रस्थान! मिरजेकडे हे आता कुणी करत नाही, पण तंजावुरच्या मराठी घरांनी जपून ठेवलंय आणि आमचे तमिळ शेजारीही मानतात. ज्या वेळेला निघायचं ती वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या वेळेला प्रवाशाची एखादी वस्तू हळद-तांदूळ, सुपारी, नारळ यांच्यासोबत शेजारी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला! मग माणसानं हवं तेव्हा जावं. नियम दोनच. एक, ती वस्तू जिच्यावाचून प्रवाशाचं पान हलत नाही अशी असावी. दोन, एकदा बाहेर पडलेलं प्रस्थान पुन्हा उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

आता फ्रेयाचं कशावाचून पान हलत नव्हतं? कमरेला बांधायची एक निळी पिशवी होती तिची. जेवताना कमरेला, झोपताना उशाशी. फक्त आंघोळीला जाताना ती पलंगावर असे. शनिवारी साडेआठला फ्रेया आंघोळीला गेली आणि मी ती पिशवी उचलली. उघडली मात्र नाही हं! दुसऱ्याची वस्तू उघडू नये एवढी शिस्त मला आहे. उचलू नये, एवढी मात्र नव्हती.

लग्नात वाटतात तसल्या पिवळ्या कापडी पिशवीत तिला घातलं, नारळ ठेवला, हळदीचे तांदूळ टाकले आणि शेजारच्या कमला मामींच्या ओसरीवर गेले. मामी एकाहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. आतून पूजेची घंटा ऐकू येत होती. पूजेत हाक मारायची नाही म्हणून पिशवी बाकावर ठेवली आणि परत आले. बाकावर आणखी चार पिवळ्या पिशव्या होत्या, पण तमिळनाडूत कुठल्या बाकावर नसतात!

घरी येऊन चटणीसाठी मिक्सर लावला. तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून मामींचं डोकं वर आलं. त्या बरंच काही बोलल्या. मिक्सरच्या घरघरीत मला एक शब्द कळला नाही, पण मामींच्या बोलण्याला मान डोलावायची ही माझी तीस वर्षांची सवय. मी तीनदा भरघोस मान डोलावली. मामी प्रसन्न होऊन खाली गेल्या.

सव्वानऊला फ्रेयाचा आवाज आला. "सुधाम्मा, माझी निळी पिशवी पाहिलीत का?" (खेड्यातल्या बायकांनी तिला सगळ्यांच्या नावाला 'अम्मा' जोडायला शिकवलं होतं.)

"असेल की इथंच! शोधू या," असं म्हणून मी चक्क तिच्याबरोबर पलंगाखाली वाकले. म्हटलं, दोन मिनिटांत मामींकडून आणून दारातच तिच्या हातात देऊ, उगाच समजावत कशाला बसा. "तू उशा बघ हं, मी अंगण बघते," म्हणून सटकले ती थेट मामींच्या ओसरीवर. बाक रिकामा! दाराला कुलूप! मामींना फोन लावला, तर तो कुलपाआड स्वयंपाकघरात वाजायला लागला.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गल्लीची खडान्‌खडा माहिती. त्यानं इस्त्री न थांबवता सांगितलं, "मामी व्हॅननं गेल्या, भजनमंडळाच्या बायकांबरोबर. राहुकाळाच्या आधी निघायचं म्हणून नऊला पाच कमी असतानाच. आधी तिरुकरुगावूर, नातीला आठवा महिना आहे ना. मग दारासुरम. संध्याकाळी तिरुनळ्ळार, शनीचं दर्शन."

"आणि पिशव्या?"

"पाच होत्या. मीच चढवल्या."

तिरुनळ्ळार तर पुदुच्चेरीच्या हद्दीत. म्हणजे ती पिशवी राज्याची सीमासुद्धा ओलांडणार होती.

घरी आले. फ्रेयानं गाद्या उलथ्यापालथ्या केल्या होत्या आणि मधोमध ती रडवेली होऊन उभी होती. "त्यात माझा पासपोर्ट आहे, सुधाम्मा. तिकीट, सगळं."

आता सांगणं भाग होतं. "फ्रेया, पासपोर्ट अगदी सुखरूप आहे. फक्त... तो निघालाय."

"निघालाय? कुठे?"

"तिरुनळ्ळारला."

मग मी तिला राहुकाळ, प्रस्थान, मामी, नात, आठवा महिना हे सगळं एका दमात सांगितलं. मी तिच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे माझ्या भल्यासाठी?"

"हो गं बाई," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं.

"मग आपण त्याच्या मागे जाऊ," ती म्हणाली आणि शिबिराच्या बाईंना फोन करून तिनं कळवलं की मी देवळात येत नाही, थेट विमानतळावर भेटते. बाईंचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू आला. तीनच्या आत काउंटरवर हजर नसलीस तर आम्ही तुला सोडून जाऊ, असं त्या म्हणत होत्या.

ह्यांनी गाडी काढली. सामान चढलं, फ्रेया बसली, आणि मी उंबऱ्यात थांबले. साडेनऊ. ऐन राहुकाळ. पाय उचलेचना!

"काय झालें आतां?" ह्यांनी खिडकीतून विचारलं.

"राहुकाळ..."

"अगं, तूंच प्रस्थान ठेविलेंस नव्हे? पासपोर्ट गेला शुभवेळेस. मग आतां कोठला राहुकाळ? बैस मुकाट्यानें!"

शास्त्राला धरून होतं. बसले.

ह्यांच्या गाडीचा वेग चाळीस. रस्ता कसाही असो, चाळीस. शिवाय वाटेत गोपूर दिसलं की हे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून नमस्कार करतात, आणि या भागात गोपुरांना काही तोटा नाही. फ्रेयानं पहिल्या दोन नमस्कारांना डोळे मिटले. तिसऱ्याला तीच हात जोडायला लागली. म्हणाली, "गाडी कुणीच धरत नसेल तर हेच बरं."

तिरुकरुगावूरच्या देवीला गरोदर बायकांची गर्दी. बाहेर व्हॅन सात-आठ उभ्या, त्यातली मामींची कुठली ते कळेना, म्हणून आत शिरलो. विचारावं तर पुजाऱ्यांनाच, आणि पुजाऱ्यांपर्यंत पोचायचं तर रांगेतून. मागेपुढे पोटुशा पोरी आणि त्यांचे घाबरलेले नवरे, मध्ये छप्पन्न वर्षांची मी आणि ही एवढी उंच गोरी मुलगी. सगळे आमच्या पोटांकडं बघत होते.

पुजाऱ्यांनी हात पुढं केला. "कुणासाठी?"

"कमला मामींसाठी!" मी घाईघाईनं म्हटलं.

"कितवा महिना?"

"अहो, मामी एकाहत्तर वर्षांच्या आहेत!"

पुजाऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग वर बघून "देवीची कृपा," म्हणाले आणि माझ्या हातावर सुखरूप बाळंतपणासाठी देतात ती प्रसादाच्या तुपाची पुडी ठेवली. मागच्या सगळ्या नवऱ्यांनी हात जोडले.

मामींची मंडळी वीस मिनिटांपूर्वीच गेली, हे शेवटी फुलवालीनं सांगितलं. मी फ्रेयाला हाताला धरून ओढत होते आणि ती मान वर करून त्या गार दगडी मंडपाकडं बघत होती. खांबावरच्या एका दगडी पोपटाला तिनं हळूच बोट लावलं. माझ्या जिवाला घोर लागला होता आणि ही पोपट बघतेय! पण ओरडायला माझं तोंड कुठं होतं?

पापनाशमच्या रेल्वे फाटकाशी आलो आणि समोरच व्हॅन! टपावर पिवळ्या पिशव्या. व्हॅननं फाटक ओलांडलं आणि आमच्या तोंडावर फाटक पडलं. मी गाडीतून उडी मारून धावले. "मामीऽऽ! ओ मामीऽऽ!"

फाटकावरचा माणूस म्हणाला, "मागे व्हा!" पण शेजारच्या बसमधल्या लोकांना वाटलं, बाईचं कुणीतरी चुकलंय. माणसं चांगली हो! अख्खी बस खिडक्यांतून "मामीऽऽ" म्हणून ओरडायला लागली. व्हॅनच्या मागच्या काचेतून मामींनी आम्हाला पाहिलं. त्यांना काय आनंद झाला! दोन्ही हात हलवून त्यांनी निरोप घेतला आणि व्हॅन वळणावर दिसेनाशी झाली.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. खरं सांगते, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता संपलं. या पोरीचं वर्ष मी माझ्या हातानं पिवळ्या पिशवीत घालून घालवलं. फ्रेया माझ्याजवळ बसली आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिनं माझ्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागून हाक आली, "फ्रेयाम्मा!" मोपेडवर एक साडीतली बाई. ज्या शाळेच्या भिंती फ्रेयानं रंगवल्या तिथल्या मुख्याध्यापिका, सेल्वी टीचर. फ्रेयानं तिच्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये आणि मी रडत रडत, असं दोघींनी मिळून सगळं सांगितलं. सेल्वी टीचरनं मोबाइल काढला.

"माझी बहीण दारासुरमच्या देवळाबाहेर फुलं विकते. व्हॅन तिथं येऊ दे, मग पुढं हलत नाही."

"पण ती थांबवणार कशी?" मी विचारलं.

"ते तिचं ती बघेल. तीन आठवडे ही पोरगी उन्हात माझ्या शाळेसाठी राबली, आम्ही एक व्हॅन अडवू नये?"

आगगाडी गेली, फाटक उघडलं. ह्यांनी चाळीस सोडून पन्नास केला. आमच्या संसारातला हा उच्चांक.

दारासुरमला पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. देवळासमोर व्हॅन, व्हॅनच्या पुढच्या चाकाला टेकवून फुलांची भलीमोठी टोपली, आणि टोपलीशेजारी मांडी ठोकून एक बाई गजरा ओवतेय. ड्रायव्हर हात जोडून विनवतोय आणि ती म्हणतेय, "एवढा एक झाला की उठते." खाली सात-आठ पुरे झालेले गजरे पडले होते. मी तिचे पायच धरले असते, पण तिनं उठून आधी फ्रेयाच्या केसांत गजरा माळला. त्यासाठी फ्रेयाला बरंच वाकावं लागलं.

मामी पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर पिवळी पिशवी. मला बघताच कडाडल्या, "काय गं सुधा, एवढं कसलं काम की प्रस्थानाच्या मागे धावत आलीस?"

"मामी, तुम्ही ती नेलीतच का?"

"का म्हणजे? पूजेतून तुला ठेवताना पाहिलं, मग तुला विचारून नेली! म्हटलं, घर बंद करून चाललेय, ओसरीवर नारळ दिसला तर माकडं नेतील. तुझ्या घरात परत आणून ठेवता येत नाही, प्रस्थान मोडेल. तर सोबत नेऊ का, देवळं फिरवून संध्याकाळी आणते? तू तीनदा मान डोलावलीस!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी देवळाच्या कळसाकडं बघितलं.

आत पासपोर्ट आहे हे कळल्यावर मात्र मामींचा चेहरा उतरला. त्यांनी निळी पिशवी फ्रेयाच्या हातात दिली, आणि प्रस्थानाचे तांदूळ टाकायचे नसतात म्हणून मूठभर हळदीचे तांदूळही तिच्यातच ओतले. फ्रेयानं त्यांना घट्ट मिठी मारली. सोवळ्यात असताना मामी आम्हाला चार हात लांब उभं करतात. त्या दिवशी हूं का चूं केलं नाही.

"सुधाम्मा, दहा मिनिटं आत जाऊन येऊ?" फ्रेयानं विचारलं. घड्याळ बाराला टेकलं होतं. पण माझ्यामुळं तिचं मोठं देऊळ हुकलं होतं. जा म्हटलं. मंडपालाच कोरलेल्या दगडी रथाच्या चाकापाशी ती उभी राहिली, पायऱ्यांवर बसली, भिंतीवरच्या नाचणाऱ्या बायका डोळे भरून बघून आली. परत आल्यावर म्हणाली, "सकाळपासून किती लोक माझ्यासाठी ओरडले, धावले! मी तर इथं नुसती भिंत रंगवायला आले होते." मी तिचा हात हातात घेतला.

तिरुचीपर्यंत ह्यांनी गाडी सत्तरनं हाणली. तंजावुरात पुलावरून मोठ्या देवळाचा कळस दिसला तेव्हा मात्र दोन्ही हात सुटलेच. फ्रेयाचेही, माझेही. गाडी देवानंच पुढं नेली.

विमानतळाच्या दाराशी तीनला दहा कमी होते. दारावर पिकलेल्या मिशांचे सुरक्षारक्षक. फ्रेयानं पिशवीतून पासपोर्ट काढून दिला, त्यांनी उघडला, आणि पानांतून हळदीचे तांदूळ त्यांच्या बुटांवर सांडले. मी देवाचा धावा सुरू केला.

त्यांनी एक दाणा उचलून निरखला. "प्रस्थान?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. मनगटावरचं घड्याळ बघून माझ्याकडं वाकून म्हणाले, "अम्मा, आत्ता यमगंड चालू आहे. तीनला संपतो. एवढं सगळं नीट केलंत, तर आता दहा मिनिटांसाठी कशाला? बाजूला थांबवा हिला, मग सोडतो." (यमगंड म्हणजे राहुकाळाचा भाऊ, तोही रोज दीड तास अशुभ.)

आतून काचेपलीकडं शिबिराच्या बाई दोन्ही हातांनी "लवकर! लवकर!" करत होत्या. फ्रेयानं माझ्याकडं बघितलं. एवढं सगळं होऊनही ती शहाणी पोरगी विचारत होती, "सुधाम्मा, थांबू का?"

"अहो, कसला यमगंड नि काय घेऊन बसलात!" मी असा आवाज लावला की चार माणसं वळून बघायला लागली. "असलं काही नसतं! सोडा पोरीला आत!" आणि मी तिला दोन्ही हातांनी आत ढकललं.

ती धावली. काउंटरशी पोचली, बाईंनी तिला जवळ ओढलं, आणि तिथून तिनं पासपोर्ट वर धरून मला दाखवला. केसांत गजरा तसाच होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. माझ्या चुकीपायी दिवसभर वणवण झाली आणि वाटेतल्या एकाही माणसानं मला शब्दानं दुखावलं नाही. हे मी कुठं फेडू?

ह्यांनी रुमाल पुढं केला. "चल गं, जाऊं घरीं. ऊन किती आहे."

मी दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

"अगं, चल ना!"

"तीन वाजू द्या."

"आतांच ओरडून म्हणालीस नव्हे, यमगंड-बिमगंड कांहीं नसतो म्हणून?"

"तिच्यासाठी नसतो हो," मी म्हटलं, "ती डेन्मार्कची आहे. मला मेलीला कॅलेंडर वाचता येतं!"